सहा हजार कोटींनंतर ग्रंथपाल कशाला?

युक्तिवाद असा केला जातो. केंद्र सरकारनं ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना आणली. तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३०० च्या वर संस्था, एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक, आणि तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये. मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली, १ जानेवारी २०२५ पासून योजना सुरू झाली. व्याख्यानं एनपीटीईएलवर आहेत, अभ्यासक्रम ‘स्वयं’वर आणि पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर. मग विद्यापीठाच्या आवारातली ती इमारत, लोखंडी कपाटं, कॅटलॉगचे ड्रॉवर आणि वर पगारी ग्रंथपाल, हे सगळं पोसायचं कशासाठी? तिथं टेबलं-खुर्च्या मांडा, वायफाय द्या, अभ्यासिका करा. पुस्तकांचा निधी स्मार्ट क्लासरूमकडे वळवा. ग्रंथपाल निवृत्त झाला की जागा भरू नका.

हे मी मनानं रचलेलं नाही. छत्तीसगढमधल्या आमच्या भिलाईत हे सर्रास ऐकू येतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतं, सिव्हिक सेंटरला चहा पिताना ऐकू येतं, आणि पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेल्या आमच्या मराठी मंडळींच्या बैठकीत तर ‘यात वाद घालण्यासारखं आहे काय’ अशा सुरात ऐकू येतं. मला वाद घालायचा आहे.

या शहराला असं वाटावं याची कारणं आहेत, ती आधी मान्य करतो. भिलाई आराखड्यातून उभी राहिली. पोलाद कारखान्यासाठीचा १९५५ चा सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन, मग सेक्टरमागून सेक्टर. दल्ली-राजहराचं लोहखनिज एका बाजूनं आत जातं, दुसऱ्या बाजूनं रेल्वेचे रूळ बाहेर पडतात. अशा गावात हयात गेलेल्या माणसाला ज्ञानसुद्धा पट्ट्यावरून येतं, मध्ये माणूस लागत नाही, असं वाटलं तर नवल नाही. त्यावर कोचिंगचा थर चढला. गल्लोगल्ली पैसे भरून बसायच्या अभ्यासिका निघाल्या. महिन्याची फी भरली की पार्टिशन घातलेलं एक टेबल, एसी, वायफाय, पाण्याचा कूलर आणि मोबाइल चार्जिंगचा प्लग मिळतो. पुस्तक ज्यानं त्यानं घरून आणायचं. मुलं तिथं मन लावून बसतात, निकालही लावतात. परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, पुस्तकं चार असतात, उत्तरं माहीत असतात. ज्याचं उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नासाठी ती जागा बनवलेलीच नाही. आमचे विद्वान मित्र विद्यापीठाच्या ग्रंथालयालाही त्याच मापानं मोजतात, तिथं घोटाळा होतो.

आता आकड्यांकडे येऊ. एक कोटी ऐंशी लाख हा आकडा ऐकायला भरगच्च आहे. त्यात कोण आहे ते बघा: केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. पहिल्या टप्प्यात खासगी संस्था नाहीत. याचा अर्थ भिलाईपुरता काय होतो? कुटेलाभाट्याला आयआयटी भिलाई आहे. २०१६ मध्ये ती रायपूरच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झाली, २० फेब्रुवारी २०२४ ला कायमच्या आवाराचं लोकार्पण झालं. ती योजनेत आहे. छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ, इथल्या बोलीत सीएसव्हीटीयू, राज्य सरकारचं, तेही आहे. पण या विद्यापीठाशी संलग्न असलेली दुर्ग-भिलाईतली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयं खासगी आहेत. म्हणजे एकाच गावात, एकाच रिंगरोडच्या अलीकडे-पलीकडे, एका मुलाला एल्सेव्हिअर आणि स्प्रिंगरचं अख्खं दालन उघडं आणि दुसऱ्याला पहिल्याच पानावर ‘पर्चेस’चं बटण. दोघांनी बारावीला एकाच कोचिंगमध्ये बेंच शेअर केला असेल.

आणखी एक गुंता आहे, तो बाहेरून दिसत नाही. सीएसव्हीटीयूत पीएचडीची नोंदणी केलेला संशोधक पुष्कळदा खासगी कॉलेजातल्या संशोधन केंद्रात बसून काम करतो. नोंदणी सरकारी विद्यापीठात, खुर्ची खासगी कॉलेजात. तो योजनेच्या आत की बाहेर? दिल्लीचा कोणताही आदेश वाचून हे आपोआप ठरत नाही. आवाराबाहेरून प्रवेश द्यायची जी व्यवस्था इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या गांधीनगरमधल्या केंद्रानं केली आहे, तिच्यात संस्थेला आपल्या वापरकर्त्यांची खाती उघडावी लागतात. ते काम बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाकडे असतं. विद्यापीठाच्या ग्रंथपालानं आपल्या नोंदणीकृत संशोधकांची यादी विभागाकडून मागवली, तपासली, खाती उघडली, तर तो मुलगा आपल्या खोलीत बसून लेख वाचेल. ग्रंथपालाची जागा रिकामी असेल, कारभार एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त प्रभार’ म्हणून असेल, तर ती यादी टेबलावर पडून राहील. सहा हजार कोटींच्या नळाची चावी ही अशी एका माणसाच्या हातात आहे, आणि आपण म्हणतो आहोत की नळ आला, आता तो माणूस कशाला.

‘कशाला एवढी यातायात, मुलं साय-हबवरून घेतात की.’ वर्गणीचे लेख फुकटात उतरवून देणाऱ्या त्या संकेतस्थळावरून घेत होती. प्राध्यापकही घेत होते, फक्त बोलून दाखवत नव्हते. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं साय-हब भारतात बंद करायचा आदेश दिला. त्या खटल्याच्या नीती-अनीतीवर मी इथं बोलत नाही. माझी सहानुभूती कुणाकडे आहे ते वाचकानं ओळखलंच असेल. पण साय-हब चालवणाऱ्या एका बाईच्या सर्व्हरवर देशाचं संशोधन उभं करायचं आणि त्याला व्यवस्था म्हणायचं, हे आपल्या जुगाडू स्वभावाला शोभलं तरी विद्यापीठाला शोभत नाही.

मुद्दा अजून जवळून बघू. भिलाईवर लिहिलेलं सगळ्यात सखोल काम कुणाचं? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांचं. १९९० च्या दशकापासून ते इथं येत राहिले, कारखान्यात आणि भोवतालच्या खेड्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. २०२० मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. भिलाईचेच अजय टी. जी. त्यात त्यांचे सहकारी. प्लांटच्या पक्क्या नोकरीतला माणूस आणि ठेक्यावरचा मजूर यांना एकाच ‘कामगारवर्गा’त मोजता येत नाही, ते दोन वेगळे वर्ग झाले आहेत, असं त्या ग्रंथाचं म्हणणं. पटो न पटो, सेक्टरमधल्या क्वार्टरात राहिलेल्या आणि ठेकेदाराकडे राबलेल्या प्रत्येकानं त्यावर भांडावं असं ते लिखाण आहे. आमच्या बैठकीतले निम्मे लोक पहिल्या वर्गातले. त्यांनी तर वाचायलाच हवं, आणि मग पॅरीसाहेबांना चार शब्द सुनवायला हवेत.

पण वाचणार कुठे? त्या ग्रंथाआधीचे त्यांचे लेख घ्या. भिलाईतल्या कामावर आणि कामचुकारपणावरचा १९९९ चा ‘लॉर्ड्स ऑफ लेबर’, ‘कॉन्ट्रिब्युशन्स टु इंडियन सोशिऑलॉजी’त आला. लग्न, संसार आणि कारखाना यांवरचा २००१ चा लेख ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये. पहिलं नियतकालिक सेजचं, दुसरं केंब्रिजचं. ज्यांच्या शिफ्टबद्दल, ज्यांच्या लग्नांबद्दल हे लिहिलं गेलं, त्यांच्या मुलांना तेच वाचायला परदेशी प्रकाशकाला डॉलरमध्ये पैसे मोजायचे, अशी ही तऱ्हा. नव्या योजनेनं नियतकालिकांपुरता आणि सरकारी संस्थांपुरता हा प्रश्न सैल झाला, हे खरं, आणि ते थोडं नाही. ग्रंथाचं काय? योजना नियतकालिकांची आहे, पुस्तकांची नाही. रसायनशास्त्रज्ञाला हा फरक जाणवणार नाही, त्याचं ज्ञान लेखांत असतं. समाजशास्त्र, इतिहास, साहित्य यांचं निम्मं ज्ञान ग्रंथांत असतं. दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात समाजशास्त्राचं एमए करणाऱ्या मुलीला पॅरी वाचायचा असेल तर तो विकत घेऊन ठेवणारं ग्रंथालयच लागेल. ‘पुस्तकांचा निधी वळवा’ या वाक्याचा भिलाईतला अर्थ हा आहे.

पॅरी निदान छापला तरी गेला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची याच शहरात हत्या झाली. त्यांच्या चळवळीनं काढलेली पत्रकं, युनियनच्या सभांची निवेदनं, दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी उभारलेल्या शहीद रुग्णालयाबद्दलचं लिखाण, इथल्या स्थानिक वर्तमानपत्रांचे अंक, हे त्या तीस प्रकाशकांपैकी कुणाकडेही नाही आणि कधी येणारही नाही. उद्या कुणी छत्तीसगढच्या कामगार चळवळीवर प्रबंध लिहायला घेतला तर तेरा हजार नियतकालिकांत त्याला दुसऱ्यांनी काढलेले निष्कर्ष सापडतील. पुरावा गोळा करायचा, पुसायचा, स्कॅन करायचा, यादीत चढवायचा आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा, तर ते त्या त्या गावच्या विद्यापीठानंच करायचं काम आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं हे करून दाखवलं आहे. भारत सेवक समाजाच्या १९०५ च्या ग्रंथसंग्रहातून वाढलेलं ते ग्रंथालय. तिथली जुनी पुस्तकं, अहवाल, प्रबंध आज कुणीही घरबसल्या, पैसा न देता, उघडून वाचू शकतं. त्यासाठी सहा हजार कोटी लागले नाहीत. काय जपावं हे कळणारी माणसं लागली.

‘पण प्रबंध तर शोधगंगेवर सगळे आहेतच ना?’ आहेत. पाच लाखांच्या वर आहेत, आणि २०१० मध्ये सुरू झालेला तो उपक्रम हे आपल्या देशातलं खुल्या ज्ञानाचं खरोखर मोठं काम आहे. आता त्यातला एखादा हिंदी प्रबंध उघडा. फाइली ओळीनं मांडलेल्या दिसतील: शून्य-एकला मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, आणि शेवटी ऐंशी क्रमांकाला शिफारशी. एखादं प्रकरण उघडा. पानावर सुबक देवनागरी आहे. त्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. देवनागरी गायब, रोमन अक्षरांचा चिवडा. कारण प्रबंध कृतिदेव फाँटात टाइप केलेला असतो. कृतिदेवमध्ये रोमन अक्षराच्या खोक्यात देवनागरी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला ‘भारत’ दिसतं, संगणकाला भलतंच काही दिसतं. ‘नियोगी’ असा शोध घेतला तर नियोगींवरचं अख्खं प्रकरणसुद्धा हाताला लागणार नाही. युनिकोडच्या आधीच्या फाँटांतल्या मराठी प्रबंधांची हीच गत आहे, तेव्हा नागपूर-पुण्याच्या वाचकांनी छत्तीसगढला हसू नये.

याचा दुसरा परिणाम अधिक गमतीचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांच्या आत असेल तर हरकत नाही; ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो चिवडाच दिसतो. मग युनिकोडमधल्या विकिपीडियावरून शब्दशः उचललेलं प्रकरण कृतिदेवमध्ये बसवलं की गंगेत न्हालेलं. यंत्रानं शून्य टक्के दाखवले म्हणून खूश होणारे मार्गदर्शक आहेत. अहवालावर सही करण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा तपासणारा, ‘बेटा, ये फिर से टाइप करना पडेगा’ असं पहिल्याच वर्षी सांगणारा, आणि निदान शीर्षक, सारांश, विषयशब्द तरी नोंदीत नीट देवनागरीत आणि इंग्रजीत भरणारा माणूस कोण? विद्यापीठात त्याला काही मान नसतो, पण तो असतो. प्रबंध महाजालावर टाकला आणि तो कुणाला सापडेल असा टाकला, या दोन क्रियांच्या मध्ये त्या माणसाचा दिवस जातो.

छापण्याच्या बाबतीत तर आज ग्रंथपालाइतका गरजेचा सल्लागार नाही. व्हॉट्सॲपवर येणारं आमंत्रण भिलाईतल्या प्रत्येक सहायक प्राध्यापकानं पाहिलं आहे: तीन दिवसांत स्वीकृती, आयएसएसएन क्रमांक, कुठलासा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, सोबत प्रमाणपत्र, खाली क्यूआर कोड. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं होतं की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असू शकतात. त्यातून यूजीसी-केअर यादी आली. पुणे विद्यापीठानं तिचं बरंचसं ओझं वाहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीही बंद केली आणि सांगितलं, नियतकालिक चांगलं की वाईट हे विद्यापीठांनीच ठरवावं. छान. ठरवणार कोण? कुलगुरू? परीक्षा विभाग? संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, समीक्षा होते का, खुल्या नियतकालिकांच्या जागतिक निर्देशिकेत ते आहे का, ही तपासणी ज्याला शिकवलेली आहे असा एकच कर्मचारी आवारात असतो, आणि त्याचीच जागा भरायची नाही असं आपण म्हणतो आहोत.

बरं, ‘खुलं’ म्हणजे फुकट, असाही एक भाबडा समज आहे. वाचणाऱ्याला फुकट असतं. पुष्कळ ठिकाणी लिहिणाऱ्याकडून वसूल होतं. ‘नेचर’नं नोव्हेंबर २०२० मध्ये एका खुल्या लेखाचा दर जाहीर केला तो ९,५०० युरो. सीएसव्हीटीयूतल्या संशोधकाला त्याचा उपयोग काय? त्याला दुसरी वाट आहे. बरेच प्रकाशक लेखाची स्वीकृत प्रत, म्हणजे समीक्षेनंतरची पण प्रकाशकानं मांडणी करण्याआधीची, काही महिन्यांनी संस्थेच्या भांडारात खुली ठेवू देतात. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी तर डिसेंबर २०१४ मध्येच धोरण केलं की आमच्या पैशानं झालेल्या संशोधनाचे लेख असे खुले ठेवा. अकरा वर्षं झाली. किती प्राध्यापकांनी ती स्वीकृत प्रत जपून ठेवली असेल? लेख छापून आला की वर्डची फाइल गेली. कोणती प्रत ठेवायची, कोणत्या दिवसापासून उघडायची, हे विचारून, मागे लागून, फाइल काढून घेणारा तगादेवाला लागतो. योजनेचं वर्गणीचं वाचन हे भाड्याचं घर आहे, २०२५, २०२६ आणि २०२७ एवढ्याच वर्षांचं. भांडारात ठेवलेला लेख आपल्या मालकीचा.

शिकवण्याच्या बाजूला वळलं की आमचे मित्र आणखी जोरात येतात. एनपीटीईएल आयआयटींनी आणि आयआयएस्सीनं मिळून उभारलं, व्याख्यानं फुकट, परीक्षा द्यायची तरच हजार रुपये, शिवाय मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादित मजकूर. एआयसीटीईची तांत्रिक पुस्तकं भारतीय भाषांत ई-कुंभवर. सगळं मान्य, आणि आनंदानं मान्य. पण तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलाला ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’चं दुसरं युनिट अडलं आहे. त्याच्यापुढे त्या विषयाची चार आयआयटींतल्या चार प्राध्यापकांची दीडशे तासांची व्याख्यानं आहेत आणि हातात परवापर्यंतचा वेळ. त्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक युनिटपुढे योग्य ती दोन व्याख्यानं, एक खुलं पाठ्यपुस्तक, सोडवलेली उदाहरणं असं पान करून ठेवणं हे शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून करायचं काम आहे. त्यातही फरक ओळखावा लागतो. यूट्यूबवरचं व्याख्यान फुकट बघता येतं, पण कापून, उपशीर्षकं घालून, छत्तीसगढीत समजावून पुन्हा टाकता येईलच असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा योग्य परवाना असेल तर येतं. हा परवाना कुठे लिहिलेला असतो हे आपल्या शंभर शिक्षकांपैकी किती जणांना सांगता येईल, ते विचारून बघा.

कायद्याची भीती तर दोन्ही बाजूंनी चुकीची असते: कुणी अख्खं पुस्तक बिनदिक्कत ग्रुपवर टाकतो, कुणी चार पानं झेरॉक्स करायला घाबरतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला. विद्यार्थी आणि शिक्षक त्यात स्वतःहून उतरले. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रती हा भंग नाही, असं ठरलं. खंडपीठानं डिसेंबरात ते तत्त्व कायम ठेवलं. झेरॉक्स झालेली ती पुस्तकं कुठली होती? विद्यापीठाच्या ग्रंथालयातली. कपाटात ती पुस्तकं नसती तर त्या निकालानं दिलेला हक्क बजावायला काही उरलंच नसतं.

आणि आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहायला बसलो ते. गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी, आणि स्वतः हिंदीचे. १९५८ पासून अखेरपर्यंत ते आमच्या शेजारच्या राजनांदगावात दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘भारत: इतिहास और संस्कृति’ लिहिलं आणि १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं त्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट चालतो. हिशेब करा: ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. ज्या १ जानेवारी २०२५ ला सहा हजार कोटींची योजना सुरू झाली, त्याच दिवशी मुक्तिबोधांनी हयातीत छापलेलं लिखाण एक पैसा न देता सगळ्या देशाचं झालं. पहिल्या घटनेच्या बातम्या झाल्या. दुसरीचं आमच्या भागात कुणाला सोयरसुतक दिसलं नाही.

आता या हक्काचं करायचं काय? इतिहासाचं ते बंदी घातलेलं पुस्तक आणि ‘कामायनी: एक पुनर्विचार’ हयातीत आलेली, तेव्हा ती मोकळी. पण मुक्तिबोधांचं पुष्कळसं लिखाण मृत्यूनंतर पुस्तकरूपानं आलं. मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेल्या मजकुराची साठ वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. ‘काठ का सपना’ १९६७ चं. त्यातली एखादी कथा आधी मासिकात छापून आली असेल तर ती आजच मोकळी. नसेल तर २०२७ संपेपर्यंत थांबा. १९८० ची रचनावली समोर ठेवून सरसकट स्कॅन केली तर संपादकाच्या टिपांवर आणि तोवर अप्रकाशित असलेल्या पानांवर पाय पडणार. म्हणजे प्रत्येक रचनेचं पहिलं प्रकाशन शोधायला जुनी मासिकं चाळावी लागणार, यादी करावी लागणार, मग स्कॅन, मग नीट युनिकोड पाठ. हे झालं तर राजनांदगावच्या बीएच्या मुलीपासून कोल्हापुरात तौलनिक साहित्य शिकवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना एक विश्वासाचा, कायदेशीर, खुला पाठ मिळेल. वन नेशनचं कोणतंही सबस्क्रिप्शन हे करणार नाही, कारण यात विकायला काही नाही. कोचिंगवाला करणार नाही. इथं विद्यापीठ आणि ग्रंथालय नसेल तर हे होणारच नाही.

ग्रंथपालांचं वकीलपत्र घेतलंय असं मात्र समजू नका. काचेच्या कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला. पाचच्या ठोक्याला दिवे बंद. बाहेरचा माणूस आला की ‘आपका आयकार्ड?’. ही ग्रंथालयं मी पाहिली आहेत आणि आमच्या मित्रांचा संताप तिथूनच आलेला आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये पहिला नियम सांगितला की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पण कुलपामागे स्वभावाइतकंच लेखापरीक्षणही असतं. पुस्तक हरवलं की पगारातून कापतील, या धाकानं कित्येक ग्रंथपालांनी नोकरी काढली. वास्तविक केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतही, दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवली तर ते वाजवी मानावं, असं लिहिलेलं आहे. हा नियम लेखाधिकाऱ्याच्या टेबलावर फ्रेम करून लावायला हवा. ग्रंथालय आळशी असेल तर त्याला कामाला लावा. वेळ रात्री दहापर्यंत वाढवा. जगातल्या कित्येक परवाना-करारांत असते तशी, बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर वाचायची मुभा मागून घ्या, म्हणजे खासगी कॉलेजातल्या मुलाला निदान सीएसव्हीटीयूत किंवा कुटेलाभाट्याला जाऊन तरी वाचता येईल. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि पेटाऱ्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली. एका मराठी संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी सुचलं ते आज आयआयटीला अवघड जाऊ नये.

आणि हिशेबाचीच भाषा हवी असेल तर ती घ्या. योजनेची मुदत २०२७ अखेर संपते. पुढची बोलणी करायला प्रकाशक बसतील तेव्हा त्यांच्याकडे प्रत्येक क्लिकची नोंद असेल: कोणत्या विद्यापीठानं कोणतं नियतकालिक किती वेळा उघडलं, कोणतं एकदाही नाही. त्यावरून ते भाव सांगतील. सरकारच्या बाजूनं ‘ही पाच हजार नियतकालिकं कुणी वाचतच नाही, यांचे पैसे देणार नाही’ असं म्हणायचं असेल तर ती माहिती विद्यापीठाविद्यापीठातून गोळा करून, पडताळून ठेवलेली लागेल. हे काम आजच सुरू व्हायला हवं. भिलाईच्या वाट्याची ही वही कुणाच्या टेबलावर आहे, एवढं आमच्या बैठकीतल्या मंडळींनी पुढच्या वेळी एखाद्या कुलसचिवाला विचारून यावं.